आरएस ४५७ असताना स्पोर्ट टूरर कशाला? (उत्तर जरा लांबलंय)

घाटवेडा
काल इथे फोरमवर एका महाशयांनी ठोकून दिलं की एप्रिलियाची आरएस ४५७ ही स्पोर्ट बाईक आल्यावर स्पोर्ट टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाची वेगवान बाईक, घेणं म्हणजे पैसे पाण्यात, कावासाकीची निन्जा ६५० नि बजाजची डॉमिनार या काका लोकांच्या गाड्या. अरे गाडी भारीच आहे, कोण नाही म्हणतंय. १७५ किलो वजन, ४७ पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखंच माप) वर पॉवर, ४.१० लाखाला लाँच झाली तेव्हा आम्हीही शोरूमला जाऊन बसून आलोय. पण मित्राची घेऊन पुण्याहून कोल्हापूरला गेलो तर साताऱ्यापुढे सहापदरीकरणाचे डायव्हर्जन, दर थोड्या वेळाने सर्व्हिस रोडला उतरा, खड्डा, परत चढा, नि प्रत्येक ब्रेकला अख्खं अंग मनगटावर. कराडला चहाचा ग्लास हातात धरला तर अंगठ्याला काही कळतच नव्हतं. आणि मागची सीट? त्या विटेवर विठोबा उभा राहील, बायको बसणार नाही. लांबचा प्रवास इंजिनावर नाही, सीटवर होतो.

बारामतीचा बाण
आमच्या बारामतीत बनून जगभर जाते ती गाडी, जरा मान ठेवा. क्लिपऑन (हँडलचे दोन सुटे दांडे) वरच्या यॉकच्या, म्हणजे पुढचा फोर्क धरणाऱ्या पट्टीच्या, वर बसवलेत, यामाहा आर१५ सारखं झोपावं लागत नाही. अंगठा बधिर होतो म्हणजे तुम्ही हँडलला लटकून चालवता, मांडीने टाकी धरायला शिका. आणि निन्जाची टाकी १५ लिटर, हिची १३. दोन लिटरसाठी तीन लाख जास्त मोजायचे का?

घाटवेडा
टाकीसाठी नाही हो. निन्जाला ६४ न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद) आहे, ४५७ ला ४३.५. मागे माणूस, दोन बॅगा आणि समोर आंबोलीचा चढ, मग कळतं.

सायलेन्सर_सांगली
भावा दोघंबी चुकताय. डॉमिनार ४०० घ्या, काच, कॅरिअर, हँडगार्ड सगळं कंपनीतनंच, किंमत जवळपास अर्धी. काका म्हणा नायतर आजोबा म्हणा, मी रत्नागिरीला पोचून मासे खात असतो तवा तुम्ही आंबा घाटात पाठ चोळत असता.

बारामतीचा बाण
डॉमिनारचं व्हायब्रेशन खाऊन मासे गोड लागत असतील.

क्लचप्लेट
किमतीवर भांडताय तर हेपण बोला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वर ४० टक्के जीएसटी, आधी सेस धरून ३१ होता. ३५० च्या आत १८. म्हणजे ३४९ वाला सामान्य माणूस आणि ३७३ वाला अंबानी.

संत्रानगरी
अरे पण चालवणार कुठं बे? इथं टूररचं कौतुक चाललंय आणि आमच्या दारातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी गेला त्यावर बाईकला बंदी. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बंदी. अटल सेतूवर बंदी. आठ लाखाची गाडी घ्यायची, रोड टॅक्स भरायचा आणि जुन्या हायवेवर उसाच्या ट्रॉलीमागं धूर खात जायचं!

नियम_म्हणजे_नियम
बंदी आहे तेच बरं. एक्सप्रेसवेवर गाड्या १०० ने धावतात, मध्ये एखादा स्प्लेंडरवाला तिघांना घेऊन शिरला की झालं. शिवाय टोल भरत नाही तुम्ही लोक.

संत्रानगरी
टोल लावा ना मग, नाही कोण म्हणलं? सीसीची अट घाला, स्प्लेंडर अडवा. जुन्या हायवेवर कट नसलेल्या ठिकाणाहून उलटा येणारा ट्रॅक्टर, अचानक मधे येणारी म्हैस, विनालाइटची ट्रॉली, हे सेफ वाटतं का तुम्हाला? बंदिस्त रस्ता बाईकसाठीच जास्त सेफ आहे.

म्युनिकवाला
जर्मनीत ताशी ६० किलोमीटरच्या वर पळू शकणारी कुठलीही मोटरसायकल ऑटोबानवर, म्हणजे तिकडच्या एक्सप्रेसवेवर, जाते.

नियम_म्हणजे_नियम
आला जर्मनी! लेन कशी पाळतात तेपण सांगा ना साहेब. आमच्या सोसायटीतल्या दोघांच्या सुपरबाईक आहेत, रविवारी पहाटे पाचला लोणावळ्याला निघतात, सायलेन्सर बदललेला, अख्खी बिल्डिंग उठते. यांना एक्सप्रेसवे द्यायचा?

संत्रानगरी
सायलेन्सरचा राग रस्त्यावर काढून राह्यले भाऊ तुम्ही. एक्सप्रेसवेवर उजव्या लेनमधे ८० ने रेंगाळणारे सगळे कारवालेच असतात. त्यांच्यावर घाला की बंदी.

क्लचप्लेट
टोल नाक्यावर बाईकसाठी डावीकडे जी चिंचोळी गल्ली असते, त्यात वाळू, ऑइल आणि समोरून उलटा येणारा फळवाला. फुकट आहे म्हणून बोलायचं नाही?

नियम_म्हणजे_नियम
ती गल्ली वाईट आहे हे मान्य. तेवढंच मान्य.

घाटवेडा
लोकहो, धागा गाड्यांचा होता. बाणराव, एकटा माणूस, छोटी टेलबॅग, सकाळी ताम्हिणी करून जेवायला घरी, यासाठी ४५७ सारखी गाडी नाही, घ्या, दिलं तुम्हाला. पण "टूरर लागतच नाही" हे परत लिहू नका.

बारामतीचा बाण
उपकार झाले. मग निन्जा ६५० तरी टूरर कशी? तिचीपण मागची सीट फार काही सोफा नाही. खरंच बायकोची काळजी असेल तर त्याच इंजिनची वर्सिस ६५० घ्या, २१ लिटर टाकी, सरळ बसणं.

घाटवेडा
बघितली. सीट ८४५ मिलिमीटर उंच, माझी उंची पाच फूट पाच इंच. सिग्नलला पाय टेकवायला तुम्ही येणार का?

सायलेन्सर_सांगली
डॉमिनारची सीट ८०० ला हाय. नुसतं सांगून ठेवतो.