इंग्रजीचा दोष नाही, साउंड खटकतोय
गायक-गीतकार प्रतीक कुहाडच्या 'द वे दॅट लव्हर्स डू' या अल्बमबद्दल काही जण म्हणतात की अमेरिकन रेकॉर्ड कंपनी मिळाली आणि गडी इंग्रजीत गायला लागला, ते काय पटलं नाही, त्याचाच २०१५ चा अल्बम 'इन टोकन्स अँड चार्म्स' पण इंग्रजीच होता की. मला खटकतंय ते वेगळंच. हा नवा अल्बम रायन हॅडलॉकनं प्रोड्यूस केलाय, द ल्युमिनिअर्स या अमेरिकन फोक बँडचा पहिला अल्बम केला तोच, त्यामुळं साउंड एकदम भरलेला झालाय.

काल रंकाळ्याच्या कट्ट्यावर हेडफोन लावून अंधार पडेपर्यंत सगळी गाणी सलग ऐकली, त्याच्या आधीच्या गाण्यांत गिटारच्या तारेवरनं बोट सरकल्याचा बारीक आवाज यायचा, दोन ओळींमधला त्याचा श्वास ऐकू यायचा, तो इथं शोधावा लागतोय. शब्द मात्र अजून तसेच साधे, थेट आत लागणारे, म्हणून घरी जाताना परत पहिल्यापासून लावला.