पावसात कन्हेरगड एकट्याने जमेल का?

धुळेकर_भटक्या: रविवारी चाळीसगावहून पाटणादेवी आणि वर कन्हेरगड करायचा विचार आहे, एकटाच आहे, पाऊस चालू असला तर?

खान्देशी_भो: नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी इथपर्यंत जा भो, लेणी आहेत, पाऊस आला तर आडोसा होतो. पुढचा कातळ शेवाळलेला असतो, चढताना काही वाटत नाही, उतरताना कळतं.

रानवेडा: एकटा नकोच. गौताळा अभयारण्याचा भाग आहे, बिबट्या आहे, गेटवर विचारूनच वर जा, गावातला कोणी वाटाड्या मिळाला तर उत्तम.

पाटणाकर: नाल्याकडे लक्ष ठेवा, खाली ऊन असलं तरी डोंगरावर पडला की पाणी एकदम वाढतं. केदारकुंडात उतरायची हौस नको.

धुळेकर_भटक्या: बरं, मग आळशी मित्राला उठवतो.