मदत हवी आहे : कासारवडवली ते वागळे इस्टेट, रोजसाठी कुठली गाडी?

मंडळी, जरा सल्ला द्या. रोज ठाण्यात घोडबंदर रोडने वागळे इस्टेटला जातो. एका बाजूचं अंतर जेमतेम 10 किलोमीटर, पण मेट्रोच्या कामापासून क्लच दाबून दाबून डावा गुडघा बोलायला लागलाय. बाईक आहे, पण गेल्या पावसाळ्यात दोनदा घसरलो, आता बायको चावीच देत नाही.

बजेट ऑनरोड 8 लाख, त्यावर एक रुपया नाही. वॅगन आर सीएनजी मनात होती. पण तिच्यात सीएनजीला गिअर हातानेच टाकावे लागतात, शिवाय डिकी सिलिंडरनेच भरते. टियागोमध्ये सीएनजीसोबत एएमटी (म्हणजे क्लच नाही, गिअर आपोआप पडतात) मिळते आणि दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवलेत. चढावर, ट्रॅफिकमध्ये ती एएमटी झटके देते का? वापरणाऱ्यांनी खरं सांगा, शोरूमवाला तर सगळंच मस्त म्हणतो.

विजेवरच्या टियागो ईव्हीचाही मोह होतोय. 19.2 किलोवॅट-तासाची छोटी बॅटरी मला पुरेल. पण सोसायटीत पार्किंग स्टिल्टखाली (बिल्डिंगच्या खाली, खांबांमध्ये), मीटर तिसऱ्या विंगेत, आणि सेक्रेटरी 'बघू' म्हणतात. ठाण्यात कुणी स्वतःच्या मीटरवरून चार्जिंग पॉइंट घेतलाय का? कमिटीला कसं पटवलंत?

की सरळ चार वर्षं वापरलेली पेट्रोल ऑटोमॅटिक घेऊ?