मदत हवी आहे: एस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेन प्रकारचं स्त्री-हार्मोन) देऊनही उंदरांच्या स्मृतीत फरक का दिसत नाही?

अंडाशय काढलेल्या सी५७बीएल/६ (प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक जात) माद्या, शस्त्रक्रियेला दोन आठवडे झालेले. पेटीत दोन सारख्या वस्तू. दोन्ही मिळून ३० सेकंद हुंगून झाल्या की लगेच पोटात इंजेक्शन. औषध सायक्लोडेक्स्ट्रिनमधलं (हार्मोन पाण्यात विरघळावं म्हणून वापरलेली साखरेसारखी वाहक पावडर), पाण्यात विरघळणारं १७-बीटा एस्ट्राडायॉल, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. २४ तासांनी एका वस्तूची जागा बदलतो; जुनी जागा आठवत असेल तर उंदीर हलवलेल्या वस्तूजवळ जास्त वेळ घालवतो. पण औषध दिलेला आणि न दिलेला (कंट्रोल), दोन्ही गट तिच्याजवळ ३० पैकी १५-१६ सेकंदच घालवतात. काय चुकत असेल?

प्रतिसाद १
कंट्रोल गट २४ तासांत विसरतोय हे चांगलंच आहे. त्यांनाही आठवलं असतं तर सुधारणा दिसायला जागाच उरली नसती. वेळही योग्य. एस्ट्राडायॉल हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मृतीशी संबंधित भाग) काही मिनिटांत ईआरके हे पेशीतलं संदेश पोहोचवणारं एन्झाइम सक्रिय करतं आणि नुकतीच झालेली आठवण पक्की व्हायला मदत करतं. तेच २-३ तासांनी टोचलं तर परिणाम मिळत नाही.

मला शंका वजनाची आहे. ही पावडर म्हणजे निव्वळ एस्ट्राडायॉल नव्हे. ग्रॅममागे साधारण ४५ ते ५० मिलिग्रॅमच हार्मोन असतं, बाकी सगळं सायक्लोडेक्स्ट्रिन. २५ ग्रॅमच्या मादीला ५ मायक्रोग्रॅम हार्मोन हवं, म्हणजे सुमारे १०० मायक्रोग्रॅम पावडर. पावडरच ५ मायक्रोग्रॅम धरली असेल तर डोस वीसपट कमी गेला. कंट्रोलला नुसतं सलाइन देऊ नका, तेवढंच सायक्लोडेक्स्ट्रिन द्या.

प्रतिसाद २
खाद्यही तपासा. सोयाबीन पेंड असेल तर त्यातलं जेनिस्टीन हे इस्ट्रोजेनसारखं वनस्पतिजन्य द्रव्य इस्ट्रोजेन रिसेप्टरला (हार्मोन जिथे चिकटून काम करतं ते पेशीतलं प्रथिन), विशेषतः त्याच्या बीटा प्रकाराला, चिकटतं. मग तुमचा कंट्रोल गट खऱ्या अर्थाने इस्ट्रोजेनविना राहत नाही. प्रयोग संपल्यावर गर्भाशय बघा: दोऱ्यासारखं बारीक झालेलं नसेल तर अंडाशयाचा तुकडा आत राहिलाय, ती मादी वगळा.

पेटीच्या आजूबाजूला ठळक खुणा आहेत ना? जागा ओळखायला त्याच लागतात. वस्तू दर वेळी ७० टक्के अल्कोहोलने पुसा, नाहीतर उंदीर वासावर जातो.

डोस सुधारल्यावर ३ तासांनी टोचलेला तिसरा गट जरूर ठेवा. तो विसरला आणि लगेच टोचलेला गट लक्षात ठेवू शकला, तर परिणाम आठवण पक्की होण्यावरच आहे, चाचणीच्या दिवशीच्या हुशारीवर किंवा चपळाईवर नाही, हे ठामपणे म्हणता येईल.

प्रश्नकर्ता
बाटलीवर ग्रॅममागे ४७ मिलिग्रॅम लिहिलंय आणि हिशेब पूर्ण पावडरीच्या वजनावर केला होता. किलोमागे १० मिलिलिटर टोचतो, तेव्हा १० मिलिलिटर द्रावणात ४.३ मिलिग्रॅम पावडर, बरोबर?

प्रतिसाद १
बरोबर. नवीन बाटली उघडली की हा आकडा पुन्हा वाचा, प्रत्येक बॅचचा वेगळा असतो.