आईला हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

मोठीलेक: आई ७२ ची आहे, हल्ली चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का हे सारखं विसरते आणि जरा गप्पगप्पही असते. मामेभावाने अमेरिकेतून कर्क्युमिनच्या (हळदीतला एक घटक) कॅप्सूल पाठवल्यात, म्हणतो मेमरी, मूड दोन्ही सुधारतं. खरंच फरक पडतो का, की रोजचं हळद-दूध पुरे?

सांगलीकर: हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असतं आणि तेही अंगी फारसं लागत नाही, मिरी सोबत असली तर जास्त शोषलं जातं. त्यामुळे चमचाभर हळदीकडून फार अपेक्षा नको. आम्ही जन्मभर हळदीच्या पेठेत, तरी आमचे अण्णा नावं विसरतातच 😄

खिचडी_फॅन: यूसीएलए या अमेरिकेतल्या विद्यापीठाची एक ट्रायल २०१८ ला छापून आली, ५१ ते ८४ वयाचे ४० लोक, ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १८ महिने. प्लासिबोवाल्यांपेक्षा (म्हणजे औषध नसलेली नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपेक्षा) मेमरी सुधारली, मूडही थोडा. पण लोक ४०च, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कुणालाच नव्हता आणि कॅप्सूलही जास्त शोषली जाणारी खास होती.

निशिगंध: ताई, आधी बघा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पित्ताशयात खडे आहेत का. मिरीवाल्या स्ट्राँग कॅप्सूलनी लिव्हरला त्रास झाल्याच्याही केसेस आहेत. आणि बी१२, थायरॉइड तपासाच, माझ्या सासूबाईंचं बी१२ कमी निघालं, आम्ही आपले ब्राह्मी पाजत बसलेलो.

मोठीलेक: अगं बाई, ॲस्पिरिन चालू आहे तिला! उद्याच डॉक्टरांना विचारते, तोवर डबी कपाटात.