मदत हवी आहे: 'द्वा ओग्निए' खेळात 'मात्का'ने नेमकं काय करायचं?

नमस्कार मंडळी, पोलंडमध्ये मुलं शाळेत घातलेल्या आईबाबांसाठी प्रश्न आहे. आम्ही व्रोत्सवाफला राहतो, लेक तिसरीत आहे. पीटीच्या तासाला 'द्वा ओग्निए' हा चेंडू मारून बाद करण्याचा खेळ खेळतात. मैदानाचे दोन भाग, दोन संघ, आणि प्रत्येक संघाची एक 'मात्का' (शब्दशः 'आई', म्हणजे संघाची मुख्य खेळाडू) प्रतिस्पर्ध्यांच्या पाठीमागे, रेषेबाहेर उभी. त्यामुळे मधल्या मुलांवर समोरून आणि मागून, दोन्हीकडून चेंडू येतो. थेट अंगाला लागला की बाद, टप्पा पडून लागला तर नाही, अचूक झेलला तर वाचलात. सगळे बाद झाले की शेवटी मात्का आत येते आणि एकटी लढते.

पुढच्या आठवड्यात दोन वर्गांचा सामना आहे आणि मुलांनी मात्का म्हणून हिलाच निवडलंय! आनंद खूप झाला, पण रात्री जेवताना हळूच म्हणाली, "आई, मला सगळे नियम नाही गं माहीत."

मात्काला तीन 'जीव' असतात असं तिची मैत्रीण सांगते. तुमच्याकडेही तसंच आहे का? बाद झालेली मुलं मात्काशेजारी येऊन चेंडू मारू शकतात का? आणि चेंडू हातात आला की लगेच मारावा, की आधी डोक्यावरून आपल्या संघाकडे टाकून समोरच्यांना पळवावं? मला दुसरं पटतं. दमलेलं मूल वळायला उशीर करतं.

तिचा नेम चांगला आहे, झेल मात्र सुटतात. घरामागच्या अंगणात दोघींनीच करता येईल असा सराव कुणी सुचवेल का?