विषय: बेडरूमचा ब्रेकर ट्रिप होत नाही, घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत घर घेतोय, 2003 साली बांधलेलं. इन्स्पेक्शन रिपोर्टात एक ओळ आहे: 'बेडरूममधला आर्क-फॉल्ट ब्रेकर टेस्टरने ट्रिप झाला नाही.' विकणारे म्हणतात, काही झालेलं नाही, टेस्टरच खोटा. पॅनेलमध्ये टेस्ट बटणवाले दोन ब्रेकर दिसले, दोन्हींसमोर पेन्सिलीने नुसतं 'बेडरूम'. आपल्याकडच्या ईएलसीबीसारखंच का हे? शनिवारी पुन्हा घर बघायला जायचंय. आपलं आपल्याला काय तपासता येईल?

---

ताई, नमस्कार.

ईएलसीबी नाही. तो गळणारा करंट पकडतो, माणसाला शॉक बसू नये म्हणून. अमेरिकेत ते काम जीएफसीआयचं. 4 ते 6 मिलिअँपियर गळती झाली की तो लाइन तोडतो. बेडरूमचा एएफसीआय, म्हणजे रिपोर्टातला आर्क-फॉल्ट ब्रेकर, ठिणगी ओळखतो. पलंगाच्या पायाखाली चेंगरलेली वायर, भिंतीतल्या केबलमध्ये घुसलेला खिळा, आउटलेटमागचा ढिला स्क्रू, अशा ठिकाणी ठिणग्या उडत राहतात. पण करंट 15 अँपियरच्या आत राहिला तर साध्या ब्रेकरला त्याचा पत्ताच लागत नाही. आग लागते ती अशी. म्हणून 1999 च्या इलेक्ट्रिकल कोडने 1 जानेवारी 2002 पासून बेडरूमच्या आउटलेट्सना एएफसीआय मागितला. राज्यांनी तो आपापल्या सवडीने लागू केला, हा भाग वेगळा.

ब्रेकर ओळखताना बटणाच्या रंगावर जाऊ नका, तो कंपनीगणिक बदलतो. टॉर्च मारून लेबल वाचा. 2003 चं घर म्हणजे बहुधा 'ब्रँच/फीडर' असेल. हा जुना प्रकार लाइन आणि न्यूट्रलमधली, किंवा लाइन आणि ग्राउंडमधली मोठी ठिणगी पकडतो, साधारण 75 अँपियरच्या पुढची. एकाच वायरच्या तुटक्या टोकांमध्ये उडणारी, 5 अँपियरच्या आसपासची ठिणगी पकडायला 'काँबिनेशन' लागतो. कोडने 2008 पासून तोच मागितला. आणि काँबिनेशन म्हणजे एएफसीआय अधिक जीएफसीआय नव्हे, बरं का. दोन्ही एकात हवे असतील तर लेबलवर 'ड्युअल फंक्शन' लिहिलेलं असतं. दुकानातले लोकसुद्धा इथे बिनधास्त चुकीचं सांगतात.

आता टेस्ट. विकणाऱ्यांची परवानगी घ्या, त्या लाइनवरचे कॉम्प्युटर बंद करायला सांगा. खोलीत एक टेबललॅम्प लावून एका माणसाला तिथे उभं करा. ब्रेकर चालू असताना बटण दाबा. हँडल 'ऑन'वरून सुटून मध्ये यायला हवं आणि लॅम्प विझायला हवा. परत लावताना आधी पूर्ण 'ऑफ'पर्यंत खेचायचं, मग 'ऑन'. नुसतं पुढे ढकललं की बसत नाही, आणि लोक ब्रेकर मेला म्हणून मोकळे होतात.

लॅम्प प्रत्येक आउटलेटच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही प्लगमध्ये लावून बघा. बेडरूममध्ये पुष्कळदा अर्धं आउटलेट दाराजवळच्या स्विचवर असतं. स्विच बंद असला की उगाच वाटतं, ब्रेकरने काम केलं.

इन्स्पेक्टरच्या टेस्टरबद्दल विकणाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तो नकली ठिणगीचे झटके सोडतो. ब्रेकर त्यांना दाद देईलच असं नाही. निकाल ब्रेकरवरच्या बटणाचा धरायचा. पण बटण दाबल्याशिवाय 'काही झालेलं नाही' हेही कोणी म्हणू नये.

---

काका, मध्येच बोलतो. आमच्याकडे व्हॅक्यूम लावला की तो ब्रेकर पडायचा. हँडीमनने साधा ब्रेकर टाकून दिला, कटकट संपली. ताई, एवढं मनावर घेऊ नका.

---

कटकट संपली, संरक्षणही संपलं. ब्रश असलेल्या मोटरमध्ये ठिणग्या असतातच. जुने ब्रेकर त्यावर भडकतात, नवे बरेच सुधारलेत. आधी तोच व्हॅक्यूम दुसऱ्या एएफसीआयवर लावून बघायचा होता. तिथेही पडला तर मशीनवर संशय. प्लगमधलं सगळं काढूनही पडत असेल, तर वायरिंगमध्ये शोधावं लागतं. कधी दोन सर्किटचं न्यूट्रल एकत्र बांधलेलं निघतं. कोडने मागितलेलं संरक्षण काढून टाकलंत, तर घर विकताना तुमच्याही रिपोर्टात ते लिहून येईल. तो ब्रेकर परत बसवून घ्या.

---

काका, आम्ही शनिवारी ते घर बघून आलो. पहिला ब्रेकर खटकन पडला, लॅम्प विझला. लेबल 'ब्रँच/फीडर', तुम्ही म्हणालात तसंच. दुसऱ्याचं बटण दाबलं, हँडल जागचं हललं नाही. लॅम्प चालूच होता, म्हणजे लाइट होती. तिसरी गंमत: खिडकीखालचं आउटलेट या दोन्हींवर नाहीच. ते 'हॉल' लिहिलेल्या साध्या ब्रेकरवर निघालं!

---

मग दुसरा गेला, बदलायलाच हवा. खिडकीखालचं आउटलेट मागाहून कोणीतरी जोडलेलं असावं. ते कुठून आलंय हे पाहायला सांगा. स्वतः पॅनेलचं झाकण काढू नका. मेन बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या जाड वायरी जिवंतच असतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून पॅनेलच्या लेबलवर मान्य असलेलाच काँबिनेशन ब्रेकर बसवून घ्या. आकाराने बसतो म्हणून दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. आणि पहिलाही त्याच वेळी बदलून मागा. हातात घर नाही तोवरच हे मागता येतं.

---

एजंटला मेल टाकली: दोन्ही ब्रेकर, खिडकीखालचं आउटलेट, आणि इलेक्ट्रिशियनची पावती क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, आधी. विकणारे एका ब्रेकरला तयार आहेत, दुसऱ्यावर घासाघीस चालू आहे.